शत्रूच्या छावणीकडे निघालेली माणसं: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले गुलाम

१७७५ च्या एप्रिल महिन्यात व्हर्जिनियाची राजधानी विल्यम्सबर्ग इथे काही गुलाम गव्हर्नरच्या वाड्यावर आले. गव्हर्नर होता जॉन मरे, म्हणजे लॉर्ड डनमोर. इंग्लंडच्या राजाचा तिथला प्रतिनिधी. त्याने नुकतीच एका रात्रीत गावच्या कोठारातली बंदुकीची दारू जहाजावर हलवली होती आणि त्यामुळे गोरे वसाहतवाले चवताळले होते. मला हात लावाल तर तुमचे गुलाम मोकळे करीन, अशी धमकी त्याने दिली. धमकी गोऱ्यांना होती, पण ती ऐकली सगळ्यांनीच. वाड्यावर आलेल्या गुलामांनी सांगितलं, की आम्ही तुमच्या बाजूने लढायला तयार आहोत. डनमोरने त्यांना दमदाटी करून परत पाठवलं.

हा विषय सांगताना बहुतेक जण पुढच्या नोव्हेंबरपासून, डनमोरच्या प्रसिद्ध जाहीरनाम्यापासून सुरुवात करतात. मी मुद्दाम एप्रिलपासून केली. इंग्रजांनी गुलामांना बोलावलं आणि मग गुलाम आले, असा क्रम मनात बसला की पुढचं सगळं चुकीचं दिसू लागतं. गुलाम आधी आले होते. गोऱ्या लोकांची आपापसात जुंपली आहे, मालकाचा एक शत्रू उभा राहिला आहे आणि त्या फटीतून आपल्याला निसटता येईल, हे त्यांनी कुणी सांगायच्या आधी ओळखलं होतं. जाहीरनामा त्यांच्या मागून आला.

त्या वेळी अमेरिकेत इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. लोकसंख्या अंदाजे पंचवीस लाख. त्यांतले पाच लाखांच्या आसपास आफ्रिकी वंशाचे गुलाम. व्हर्जिनियात तर पाच माणसांमागे दोन गुलाम असत. तिथला तंबाखू, दक्षिण कॅरोलिनातला भात आणि नीळ, सगळं पीक त्यांच्या घामावर उभं होतं. कायद्याच्या लेखी गुलाम म्हणजे मालकाची चीजवस्तू. ती विकता येई, गहाण टाकता येई, मृत्युपत्रात मुलांमध्ये वाटून देता येई. गुलाम बाईचं मूल जन्मतःच गुलाम ठरे, बाप कुणीही असो. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या, असं होणं नेहमीचं होतं आणि मालक कर्जात बुडाला की मुलंसुद्धा बाजारात उभी केली जात.

पळून जाणं नवीन नव्हतं. वर्तमानपत्रांत सतत पळालेल्यांच्या जाहिराती यायच्या: उंची इतकी, पाठीवर वळ, सुतारकाम येतं, आणून देणाऱ्यास इनाम. पण पळून जायचं कुठे? दलदलीत, जंगलात, फार तर एखाद्या शहरात खोटं नाव घेऊन. जिथे कायदा मालकाच्या बाजूने नाही अशी जागाच जवळपास नव्हती. १७७२ मध्ये लंडनमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशाने जेम्स सॉमरसेट नावाच्या गुलामाच्या खटल्यात निकाल दिला, की मालकाला त्याला जबरदस्तीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही. निकाल एवढाच होता, पण समुद्रापलीकडे त्याची बातमी ‘इंग्लंडला पोचलं की माणूस मोकळा’ अशी पसरली. पुढच्या काळातल्या व्हर्जिनियातल्या जाहिरातींत मालक कुरकुरताना दिसतात, की आमचे गुलाम इंग्लंडला जायच्या खटपटीत आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत ही बातमी गेली कशी? घरकाम करणारे जेवणाच्या टेबलामागे उभे राहून ऐकत, गाडीवान आणि नावाडी ती गावोगाव नेत. इंग्लंड फार लांब होतं. युद्ध सुरू झालं आणि इंग्लंड जहाजात बसून थेट व्हर्जिनियाच्या खाडीत आलं.

जाहीरनाम्यात नेमकं काय होतं

जूनमध्ये डनमोर जीव वाचवून एका युद्धनौकेवर पळाला. हाताशी मूठभर सैनिक. ७ नोव्हेंबर १७७५ रोजी जहाजावरूनच त्याने जाहीरनाम्यावर सही केली आणि आठवड्याभराने तो प्रसिद्ध झाला. त्यातलं वाक्य नीट वाचायला हवं. बंडखोरांच्या, म्हणजे राजाविरुद्ध उठलेल्या वसाहतवाल्यांच्या, मालकीचे जे गुलाम आणि करारबद्ध नोकर शस्त्र धरण्यास समर्थ आहेत आणि राजाच्या सैन्यात दाखल होतील, ते मोकळे, असं त्यात म्हटलं होतं.

म्हणजे राजाशी एकनिष्ठ असलेल्या मालकाचा गुलाम गुलामच राहणार. म्हातारे, बायका, पोरं यांचा उल्लेखच नाही. डनमोरच्या स्वतःच्या मालकीचेही गुलाम होते, त्यांना या कागदाने काही मिळालं नाही. गुलामगिरी वाईट आहे असं त्यात एक अक्षर नव्हतं. शत्रूचे मजूर तोडायचे, त्याच्या घरात भीती घालायची आणि आपल्याकडे माणसं वाढवायची, असा तो साधा लष्करी हिशोब होता. इंग्रजांची मोठी कमाई त्याच काळात वेस्ट इंडिजच्या उसाच्या मळ्यांतून होत होती आणि तिथे लाखो गुलाम राबत होते. त्या साम्राज्याकडून गुलामगिरीविरुद्ध युद्धाची अपेक्षा कुणीच करत नव्हतं. पळणारेही नाही.

व्हर्जिनियाच्या बंडखोर नेत्यांनी डिसेंबरमध्ये उलट फर्मान काढलं. शरण येतील त्यांना माफी, शस्त्र घेऊन पकडले जातील त्यांना मृत्युदंड. रात्रीचे पहारे वाढवले, होड्या साखळदंडाने बांधल्या. वर्तमानपत्रांतून सांगितलं गेलं, की डनमोर तुम्हाला वेस्ट इंडिजमध्ये नेऊन विकेल, तो स्वतःचे गुलाम सोडत नाही तो तुम्हाला काय सोडणार. यातलं दुसरं खरंच होतं. आणि तरीही माणसं निघाली. चेसापीक उपसागराच्या खाड्या, ओढे, वाळूचे दांडे यांची खडान्‌खडा माहिती असलेले नावाडी गुलामच होते. त्यांच्या होड्यांतून, अंधारात, भरतीच्या वेळा साधून लोक जहाजांकडे येत राहिले. डनमोरपर्यंत पोचलेल्यांचा अंदाज आठशे ते दोन हजार असा केला जातो. वाटेत पकडले गेले, फटके खाल्ले, विकले गेले, फासावर गेले ते वेगळे.

आलेल्या पुरुषांची ‘इथिओपियन रेजिमेंट’ उभी राहिली. त्यांच्या गणवेशावर ‘गुलामांना स्वातंत्र्य’ अशी अक्षरं असल्याचं त्या काळच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं आहे. केम्प्स लँडिंगच्या चकमकीत बंडखोरांच्या एका कर्नलला त्याच्याच घरून पळालेल्या माणसाने पकडलं. पण ९ डिसेंबरला ग्रेट ब्रिजच्या लढाईत डनमोरचा सपशेल पराभव झाला आणि तो पुन्हा जहाजांवर कोंडला गेला.

या लोकांत रॅल्फ हेन्री नावाचा एक जण होता. त्याचा मालक पॅट्रिक हेन्री. ‘मला स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या’ हे भाषण ज्याच्या नावावर अमेरिकेत पोरंसोरं पाठ करतात तोच. भाषण मार्च १७७५ मधलं. त्याच वेळी त्याच्या घरी माणसं मालमत्ता म्हणून राबत होती. पुढच्या वर्षी हॅरी नावाचा एक गुलामही डनमोरकडे पळाला. तो मूळचा आफ्रिकेतल्या गॅम्बिया नदीच्या मुलखातला आणि त्याचा मालक होता बंडखोरांचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन. हॅरीने आधी १७७१ मध्येही पळायचा प्रयत्न केला होता आणि तो पकडला गेला होता. या हॅरी वॉशिंग्टनची गोष्ट पुढे येईल, कारण ती फार लांब जाते.

गोळीपेक्षा देवीने जास्त माणसं मारली

त्या वर्षांत अमेरिकेत देवीची मोठी साथ होती. इंग्रज सैनिकांपैकी बहुतेकांना लहानपणीच देवी येऊन गेलेल्या, त्यामुळे त्यांना धोका कमी. आडगावच्या मळ्यांवर वाढलेल्या गुलामांच्या अंगात मात्र प्रतिकारशक्ती नव्हती. त्यातून जहाजावरची दाटी, अपुरं अन्न, घाण पाणी. डनमोरची छावणी ग्विन बेटावर गेली तेव्हा शेकडो माणसं देवीने आणि तापाने मेली. ऑगस्ट १७७६ मध्ये डनमोर व्हर्जिनिया सोडून गेला तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे तीनशे कृष्णवर्णीय माणसं उरली होती.

हे वाचताना माझा जीव तुटतो. कारण ही माणसं जिथे पोचायचं होतं तिथे पोचलेली होती. मालकाच्या कुत्र्यांना चुकवून, खाडी ओलांडून, पहारे टाळून ती आली आणि मोकळेपणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच तापाने फणफणून गेली. त्यांतल्या बहुतेकांची नावंही आज कुणाला माहीत नाहीत.

बंडखोरांकडे का गेले नाहीत, हा प्रश्न इथे पडतो. काही गेले. पाच हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय माणसं अमेरिकी बाजूने लढली असं मानतात. ऱ्होड आयलंडने १७७८ मध्ये सैन्यात भरती होणाऱ्या गुलामांना मुक्ती देऊन त्यांची तुकडी केली. पण वॉशिंग्टनने सुरुवातीला कृष्णवर्णीयांची भरतीच थांबवली होती आणि दक्षिणेत, जिथे सर्वाधिक गुलाम होते, तिथे त्यांच्या हाती बंदूक देण्याची योजना मालकांनी साफ नाकारली. ज्याला जी वाट उघडी दिसली ती त्याने धरली. राजा की प्रजासत्ताक, हा वाद त्यांच्या दृष्टीने दुय्यम होता.

बायका-मुलांसाठी दार उघडलं

३० जून १७७९ रोजी इंग्रजांचा सरसेनापती सर हेन्री क्लिंटन याने न्यूयॉर्कजवळच्या फिलिप्सबर्ग इथून दुसरा जाहीरनामा काढला. हा डनमोरच्या जाहीरनाम्यापेक्षा कितीतरी मोठा होता. बंडखोरांचा जो कुणी गुलाम इंग्रजांच्या हद्दीत येईल त्याला विकण्यास बंदी आणि त्याला हवा तो व्यवसाय करायची मोकळीक. शस्त्र धरण्याची अट गेली. त्याच कागदात हेही होतं, की बंडखोरांच्या सैन्यात असलेला कृष्णवर्णीय पकडला गेला तर त्याला विकण्यात येईल. म्हणजे एकाच कागदात माणसाची मुक्ती आणि माणसाची विक्री, दोन्ही!

परिणाम मोठा झाला. आता अख्खी कुटुंबं निघू लागली. पाठीवर पोर, हातात दुसरं, बरोबर म्हातारी आई. १७८० मध्ये इंग्रजांनी दक्षिण कॅरोलिनातलं चार्ल्सटन घेतल्यावर दक्षिणेतून लोकांचा लोंढाच आला. एप्रिल १७८१ मध्ये ‘सॅव्हेज’ ही युद्धनौका पोटोमॅक नदीतून वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्याजवळ आली तेव्हा तिथले सतरा जण एकदम निघून गेले. त्यांत डेबोरा नावाची तरुण मुलगी होती.

इंग्रजांकडे आल्यावर काय मिळे? बहुतेकांना काम मिळे. खंदक खणणं, लाकडं तोडणं, रुग्णांची सेवा, कपडे धुणं, स्वयंपाक, वाटाड्याचं आणि हेराचं काम. ‘ब्लॅक पायोनियर्स’ नावाची तुकडी होती. हॅरी वॉशिंग्टन तिच्यात कॉर्पोरल झाला, तर उत्तर कॅरोलिनातून पळालेला थॉमस पीटर्स सार्जंट. त्यांना रस्ते झाडायला आणि घाण उचलायलाही लावत. रोजगार मिळे, पण गोऱ्या सैनिकाच्या बरोबरीची वागणूक मिळत नसे. एकनिष्ठ गोऱ्यांचे गुलाम त्याच छावणीत गुलाम म्हणूनच वावरत. एका तंबूत मोकळा माणूस आणि शेजारच्या तंबूत त्याचाच भाऊ कुणाच्या तरी मालकीचा, असंही होऊ शकत होतं.

बॉस्टन किंग या सुताराने स्वतःची हकिकत लिहून ठेवली आहे. ती १७९८ मध्ये इंग्लंडमधल्या एका मेथडिस्ट मासिकात छापली गेली. त्याचा जन्म चार्ल्सटनजवळचा. त्याने उसना आणलेला घोडा दुसऱ्या एकाने नेला, वेळेवर परत दिला नाही आणि आता घोड्याचा धनी आपल्याला सोडणार नाही या भीतीने तो इंग्रजांकडे गेला. इतकं साधं कारण. छावणीत त्याला देवी आल्या. आजारी कृष्णवर्णीयांना छावणीपासून मैलभर लांब नेऊन टाकलं होतं, तिथे दिवस-दिवस पाणी मिळत नसे. एका सैनिकाने मधूनमधून अन्न आणून दिलं म्हणून तो वाचला. पुढे तो न्यूयॉर्कला पोचला, तिथे व्हायोलेट नावाच्या स्त्रीशी लग्न केलं, होडीवर काम धरलं आणि ती होडी अमेरिकनांनी पकडल्यामुळे न्यू जर्सीत पुन्हा गुलाम झाला. तिथे पोटभर खायला मिळे, मालक बरा वागे. पण किंग लिहितो, की स्वातंत्र्याशिवाय या कशानेच समाधान होईना. ओहोटीच्या वेळी नदी कुठे उतरता येते हे त्याने हेरून ठेवलं. एका रविवारी मध्यरात्रीनंतर पहारेकऱ्यांचे आवाज ऐकत तो पाण्यात उतरला आणि पलीकडच्या स्टेटन बेटावर, इंग्रजांच्या हद्दीत पोचला.

यॉर्कटाउन

ऑक्टोबर १७८१. व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउन इथे इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसचं सैन्य वेढ्यात सापडलं. अन्न संपत आलं. त्याच्याबरोबर हजारो पळालेले गुलाम होते, ज्यांनी त्याचे खंदक खणले होते. कॉर्नवॉलिसने त्यांतल्या देवीने आजारी पडलेल्यांना तटबंदीबाहेर हाकलून दिलं. दोन्ही सैन्यांच्या मधल्या रानात ती माणसं उपाशीपोटी मेली. इंग्रजांच्या बाजूने लढणारा एक जर्मन अधिकारी, योहान एवाल्ड, याने आपल्या रोजनिशीत या प्रकाराबद्दल लाज व्यक्त केली आहे. शरणागतीच्या अटींत अमेरिकनांना आपली ‘मालमत्ता’ परत घेण्याचा हक्क दिला गेला. वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननहून गेलेल्यांपैकी काही जण परत मिळवले.

मराठी वाचकाला हा कॉर्नवॉलिस ओळखीचा असेल. पाच वर्षांनी तो हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा टिपूविरुद्ध त्याच्या सोबत होत्या. याच माणसाने १७८९ मध्ये बंगालमधून गुलाम बाहेर नेऊन विकण्यावर बंदी घातली. यॉर्कटाउनच्या रानातली माणसं आठवली की त्या बंदीचं कौतुक करायला जीभ रेटत नाही.

तहातलं एक कलम

३० नोव्हेंबर १७८२ रोजी पॅरिसमध्ये तहाचा प्राथमिक मसुदा ठरला. शेवटच्या घटकेला त्यात एक वाक्य घुसवलं गेलं. इंग्रज सैन्य माघारी जाताना अमेरिकन रहिवाशांचे ‘निग्रो अथवा इतर मालमत्ता’ बरोबर नेणार नाही. हे वाक्य घालायला लावणारा हेन्री लॉरेन्स हा चार्ल्सटनचा मोठा गुलामव्यापारी. समोर इंग्लंडच्या बाजूने बसलेला रिचर्ड ऑस्वल्ड हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, सिएरा लिओन नदीतल्या बन्स बेटावरच्या गुलामांच्या ठाण्याचा भागीदार. तिथून येणारे गुलाम चार्ल्सटनमध्ये विकून देण्याचं काम पूर्वी लॉरेन्सच करत असे. दोन शत्रुराष्ट्रांचे प्रतिनिधी म्हणून बसलेली ही माणसं जुने धंदेभाऊ होती. वाक्यावर फार चर्चा करावी लागली नसणार.

ही बातमी न्यूयॉर्कला पोचली तेव्हा शहरात हजारो पळालेली माणसं राहत होती. बॉस्टन किंग लिहितो, की दक्षिणेकडचे जुने मालक येऊन रस्त्यात आपल्या गुलामांना धरू लागले, बिछान्यातूनही ओढून नेऊ लागले. कित्येक दिवस आमच्या गळ्याखाली घास उतरला नाही आणि डोळ्याला डोळा लागला नाही.

आता सरसेनापती होता सर गाय कार्लटन. ६ मे १७८३ रोजी हडसन नदीकाठी टॅपन इथे वॉशिंग्टन त्याला भेटला. वॉशिंग्टनने पहिला विषय काढला तो गुलाम परत करण्याचा. आपले स्वतःचेही काही गुलाम न्यूयॉर्कमध्ये असतील असं त्याने काही दिवसांपूर्वीच एका अधिकाऱ्याला लिहून कळवलं होतं. कार्लटनने शांतपणे सांगितलं, की काही जण जहाजात बसून गेलेसुद्धा. त्याचा युक्तिवाद असा होता: तह होण्यापूर्वीच ही माणसं आमच्या जाहीरनाम्यांनी मोकळी झाली, मी आलो तेव्हा ती मोकळीच होती, त्यामुळे ती कुणाची मालमत्ता नाहीत आणि तहाचं कलम त्यांना लागू होत नाही. त्यांना परत देणं म्हणजे काहींना फाशी आणि काहींना छळ, दिलेल्या शब्दाचा तो भंग होईल. पुढे भरपाई देण्याची वेळ आलीच तर हिशोब असावा म्हणून प्रत्येकाची नोंद ठेवत आहोत.

कार्लटनला या प्रसंगाचं श्रेय द्यायलाच हवं. पण आठ वर्षं हजारो माणसांनी जिवावर उदार होऊन येत राहून तो लष्करी डाव वचनात बदलला होता. इतक्या लोकांनी त्यावर भरवसा ठेवला, त्यापायी इतके मेले, की आता शब्द फिरवणं एका मानी सेनापतीला जड गेलं.

तीन हजार नावं

कार्लटनने म्हटलेली नोंदवही ‘बुक ऑफ निग्रोज’ या नावाने ओळखली जाते. एप्रिल ते नोव्हेंबर १७८३ या काळात न्यूयॉर्कच्या बंदरात जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय, अंगलट, पूर्वीचा मालक आणि कधी पळाला हे तिच्यात टिपलं आहे. एकूण तीन हजार माणसं: १,३३६ पुरुष, ९१४ स्त्रिया, ७५० मुलं. तह होण्याआधी जे इंग्रजांकडे आले होते त्यांना ब्रिगेडियर जनरल सॅम्युअल बर्च याच्या सहीचा दाखला मिळे. एखाद्यावर जुन्या मालकाने दावा सांगितला तर दर बुधवारी फ्रॉन्सिस टॅव्हर्न या खानावळीत इंग्रज आणि अमेरिकन अधिकाऱ्यांसमोर सुनावणी होई. काही दावे मालकांच्या बाजूने गेले आणि ती माणसं परत गुलामगिरीत गेली.

वहीतली भाषा कोरडी आहे. ‘धडधाकट गडी’, ‘झिजलेला’ असे शेरे. पण त्यातच ‘डेबोरा, वय वीस, तोंडावर देवीचे व्रण, पूर्वी जनरल वॉशिंग्टनची गुलाम’ अशी ओळ सापडते. ‘लाबोंदांस’ या जहाजाच्या यादीत हॅरी वॉशिंग्टन, वय त्रेचाळीस, मालकाला सोडून सात वर्षं. लाखो गुलाम इतिहासातून नावाशिवाय गेले; या तीन हजारांना स्वतःचं नाव आणि आपण स्वतः निघून आलो हे सांगायची संधी मिळाली. वहीची एक प्रत लंडनजवळ क्यू इथल्या सरकारी दप्तरात आहे, दुसरी अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरात. नोव्हा स्कोशियाच्या दप्तरखान्याने ती इंटरनेटवरही ठेवली आहे.

एक गोष्ट विसरता कामा नये. सव्हाना आणि चार्ल्सटनमधून इंग्रज निघाले तेव्हा त्यांच्या जहाजांतून हजारो कृष्णवर्णीय गेले, पण त्यांतले बरेचसे एकनिष्ठ गोऱ्यांचे गुलाम म्हणून. ते जमैका, बहामा इथल्या मळ्यांवर पोचले. न्यूयॉर्कच्या वहीवरून सगळ्या युद्धाचा निष्कर्ष काढला तर चित्र फार उजळ दिसेल.

थंडी, भूक आणि पुन्हा समुद्र

तीन हजारांपैकी बहुतेकांना कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात उतरवलं. बर्चटाउन हे त्यांचं गाव. दाखल्यावर सही करणाऱ्या बर्चच्या नावावरून. पहिला हिवाळा अनेकांनी जमिनीत खड्डे खणून वर छप्पर टाकून काढला. कबूल केलेली जमीन बहुतेकांना मिळालीच नाही. मिळाली ती खडकाळ. जुलै १७८४ मध्ये शेजारच्या शेलबर्नमध्ये सैन्यातून सुटलेल्या गोऱ्यांनी दंगल केली, कारण कृष्णवर्णीय कमी मजुरीत काम करतात. वीसेक घरं पाडली. डेव्हिड जॉर्ज या धर्मोपदेशकाला मारहाण करून हाकललं. १७८९ च्या दुष्काळात लोक रस्त्यात भुकेने पडले, असं किंगने लिहिलं आहे.

१७९० मध्ये थॉमस पीटर्स, तो ब्लॅक पायोनियर्सचा सार्जंट, शेकडो लोकांचं गाऱ्हाणं लिहून घेऊन लंडनला गेला. समुद्रात कुणी पकडून विकलं असतं तर विचारणारं कुणी नव्हतं. तिथे गुलामीविरोधी लोकांशी त्याची गाठ पडली आणि आफ्रिकेत वसाहत करण्याची योजना ठरली. १५ जानेवारी १७९२ रोजी हॅलिफॅक्सहून पंधरा जहाजं निघाली, सुमारे १,२०० माणसं घेऊन. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरून त्यांनी गाव वसवलं: फ्रीटाउन, आज सिएरा लिओनची राजधानी. ऑस्वल्डच्या भागीदारीचं ते बन्स बेट तिथून नदीत सुमारे वीस मैल वर. नवी वस्ती उभी राहत असताना तिथून गुलामांची जहाजं सुटतच होती.

हॅरी वॉशिंग्टनही त्या जहाजांत होता. वसाहत चालवणाऱ्या सिएरा लिओन कंपनीने जमीन फुकट देण्याचं कबूल केलं होतं आणि मग तिच्यावर सारा मागितला. वसाहतीतल्या लोकांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, आपले प्रतिनिधी निवडले, शेवटी १८०० मध्ये बंड केलं. कंपनीने ते सैन्याच्या जोरावर मोडलं, दोघांना फाशी दिली. हॅरी हद्दपार झाला, नदीपलीकडच्या बुलम किनाऱ्यावर. त्याच्या जुन्या मालकाने अन्यायी कराविरुद्ध बंड केलं आणि तो राष्ट्रपिता झाला.

आधी येणं, मग कायदा

पुढे आणखी दोन युद्धांतही असंच घडलं. अमेरिका आणि इंग्लंड यांच्यातलं १८१२ चं युद्ध सुरू असताना चेसापीकच्या गुलामांनी इंग्रज जहाजं पुन्हा गाठली आणि एप्रिल १८१४ मध्ये ॲडमिरल कॉक्रेनने जाहीरनामा काढला. चारेक हजार लोक सुटले. काही नोव्हा स्कोशियात गेले, काही त्रिनिदादमध्ये, जिथे त्यांच्या वंशजांना आजही ‘मेरिकिन्स’ म्हणतात. या वेळी मालकांनी भरपाईसाठी भांडण रशियाच्या झारपर्यंत नेलं आणि इंग्लंडने १८२६ च्या करारानुसार बारा लाखांहून अधिक डॉलर मोजले. अर्थातच मालकांना.

मग अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांतलं यादवी युद्ध. २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडीतून व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्यावर आले. मालक त्यांच्याकडून दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचे मोर्चे बांधून घेत होता. किल्ला उत्तरेच्या ताब्यात, पण उत्तरेचं सरकारही तेव्हा गुलाम परत करण्याचा कायदा पाळत होतं. किल्ल्याचा प्रमुख बेंजामिन बटलर वकील होता. मालकाचा माणूस मागायला आला तेव्हा त्याने उत्तर दिलं, की तुम्ही स्वतःला परदेश म्हणवता, तर आमचा कायदा तुम्हाला कशाला. शत्रू युद्धासाठी वापरतो ती मालमत्ता मी जप्त करतो. मालकांचाच मालमत्तेचा सिद्धांत त्याने मालकांवर उलटवला.

माणसं म्हणवून घेण्यासाठी आलेले तिघे जप्त माल ठरले. पण परत गेले नाहीत. बातमी फुटली आणि रोज माणसं येऊ लागली. जुलैअखेर किल्ल्यावर नऊशे जण होते, त्यांत १७५ बायका आणि दहा वर्षांखालची २२५ मुलं. मुलांनी मोर्चे बांधले नव्हते, त्यामुळे बटलरचा युक्तिवाद त्यांना लागू होईना. त्याने राजधानी वॉशिंग्टनला पत्र लिहून युद्धमंत्र्यालाच विचारलं, की ही माणसं गुलाम आहेत की मोकळी? ऑगस्टमध्ये काँग्रेसने युद्धकामाला लावलेल्या गुलामांवरचा मालकाचा हक्क काढला. मार्च १८६२ मध्ये सैन्याला पळालेला गुलाम परत देण्यास मनाई झाली. जुलैमध्ये कायदा आला, की बंडखोरांचा जो गुलाम आमच्या हद्दीत येईल तो कायमचा मोकळा.